प्लाझ्माची हद्द नेमकी कुठे असते?



आजचा भाग बबीनाहून. झाशीतून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर ही छावणी येते. माझी सासुरवाडी झाशीची, जुन्या मराठी घरांपैकी एक, त्यामुळे इकडे येणं होतंच. शिवाय नोकरीत दोन वेळा बबीनाला पोस्टिंग झालं. रणगाड्यांच्या गोळाबारीची मोठी रेंज इथे आहे. ती मी दाखवणार नाही, कॅमेरा व्हरांड्यातल्या या टेबलावरच राहील. टेबलावर एक होकायंत्र आहे, गाडीची बॅटरी आहे, हेडलाइटचा बल्ब आहे आणि थोडी वायर. ते लागेल पुढे. पुस्तकात वाचणाऱ्यांनी टेबल डोळ्यांसमोर आणावं.

आधी एक कबुली. मागच्या भागात आपण टोकामॅक पाहिला. सूर्यात जी क्रिया चालते ती, म्हणजे संमीलन किंवा फ्यूजन, पृथ्वीवर घडवू पाहणारं वेटोळं यंत्र. तेव्हा मी ठोकून दिलं होतं की आत ‘चुंबकाची भिंत’ असते आणि तिच्यामागे प्लाझ्मा कोंडलेला असतो. त्यावर सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा निरोप आला. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. भिंत म्हटली की दोन बाजू आल्या, मग अलीकडे चुंबक आहे आणि पलीकडे नाही, असं आहे का? प्लाझ्मा भिंतीवर आपटून परत येतो का? आणि भिंतीची जाडी किती?

मला एकाचंही उत्तर देता येईना. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं, पण त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दोन आठवडे वाचत बसलो आणि लक्षात आलं की बाई बरोबर होत्या. भिंत हा शब्द मी मागे घेतो. चुंबकीय क्षेत्र अलीकडेही आहे, पलीकडेही आहे. तरीही हद्द आहे, आणि या सगळ्या उद्योगाचं यश-अपयश बरंचसं त्या हद्दीवरच ठरतं.

तरुण कॅप्टन असताना माझ्याकडे रेंज सेफ्टीची ड्यूटी यायची. पहिल्या वेळी मी आमच्या रिसालदार साहेबांना विचारलं होतं, “साहेब, एवढी मोठी रेंज, चारी बाजूंनी कुंपण का नाही घातलं?” ते हसून म्हणाले, “साहब, कुंपण गोळा थोडंच थांबवतं!” खरं होतं. रणगाड्याचा गोळा तारेला काय जुमानणार? गोळा कुठवर जाऊ शकतो हे तोफ कुठे उभी आहे, नळी डावीकडे-उजवीकडे किती वळू द्यायची, दारूगोळा कुठला, जमिनीवर टप्पा पडून गोळा किती उसळेल, यावर ठरतं. ते गणित आधी नकाशावर होतं. मग लाल झेंडे लागतात, पहारे बसतात, गुरं हाकलली जातात. शेवटची रेघ नकाशावर असते, जमिनीवर तिथे काही नसतं. गवतच असतं.

टोकामॅकमधली हद्द अशीच आहे. तिथे वस्तू म्हणून काही नाही. कण कुठल्या वाटेने फिरतात, यातून ती तयार होते. उपमा इथवरच चालते. आमचे झेंडे आपोआप जागा सोडत नाहीत, प्लाझ्माची हद्द सोडते. पण त्याकडे नंतर येऊ.

आता वाट म्हणजे काय ते पाहू. वायू प्रचंड तापवला की अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि उरलेले धन भाराचे आयन, यांची खिचडी म्हणजे प्लाझ्मा. प्रत्येक कणावर विद्युतभार आहे, म्हणून तो चुंबकीय क्षेत्रात सरळ जाऊ शकत नाही. बलरेषेभोवती गिरक्या घेत, मळसूत्रासारखा, रेषेच्या दिशेने पळतो. रेषेला आडवं जाणं त्याला जवळजवळ बंद आहे. फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ईटर या यंत्रात क्षेत्र ५.३ टेस्ला असेल, पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखपटीहून जास्त. तेवढ्या क्षेत्रात आणि तिथल्या तापमानाला ड्यूटेरियमच्या आयनाच्या गिरकीची त्रिज्या काही मिलिमीटर भरते. इलेक्ट्रॉनची त्याहून खूपच लहान, केसाच्या जाडीइतकी समजा. तेव्हा बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कण कशावरही आपटून परत येत नाही. तो आपल्या रेषेला बांधलेला असतो, एवढंच.

पण रेषेला दोन टोकं असतील तर कण टोकातून निसटणार. म्हणून रेषा वाकवून कडं करायचं. इथे एक भानगड होते. कड्याच्या आतल्या अंगाला क्षेत्र जास्त आणि बाहेरच्या अंगाला कमी असतं. त्यामुळे कणाची गिरकी एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल पडते, वर्तुळ नीट मिटत नाही आणि कण हळूहळू सरकतो. धन भाराचे कण वर सरकले तर ऋण भाराचे खाली. भार असे वेगळे झाले की त्यांच्यामध्ये विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते अख्खा प्लाझ्मा बाहेर ढकलतं. नुसतं कडं करून भागत नाही.

उपाय आपल्या आज्यांना माहीत होता म्हणा ना! डोक्यावर हंडा घेताना खाली चुंबळ ठेवतात ना, तशी चुंबळ. फडक्याला आधी पीळ द्यायचा, मग ते गोल गुंडाळायचं. पिळामुळे फडक्याचा प्रत्येक धागा कड्याभोवती जाता जाता कधी वर येतो, कधी खाली जातो. टोकामॅकमध्ये बलरेषांना असाच पीळ दिलेला असतो. कण रेषेबरोबर कड्याच्या वरच्या अर्ध्यात असताना वर सरकतो, म्हणजे मधल्या गाभ्यापासून दूर जातो. खालच्या अर्ध्यात तोच वर सरकला की गाभ्याच्या जवळ येतो. हिशेब फिटतो. हा पीळ देण्यासाठी खुद्द प्लाझ्मातूनच विद्युतप्रवाह सोडतात. मूळ कल्पना मॉस्कोमध्ये ईगोर टाम आणि आंद्रेई साखारोव यांनी १९५० च्या सुमारास मांडली.

पीळ दिलेली एक रेषा धरून चालत राहा. लांबच्या वाटेने तीन फेऱ्या मारेपर्यंत ती आडव्या अंगाने एक फेरा पुरा करते असं समजा. मग त्या जागी आकडा झाला ३. या आकड्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय सेफ्टी फॅक्टर. मला हे नाव वाचून फार बरं वाटलं, आपलंच कोणी भेटल्यासारखं. कडेला हा आकडा २ च्या खाली गेला की प्लाझ्मा नागासारखा वळवळतो आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात सगळा खेळ आटोपतो. म्हणून तो साधारण ३ च्या आसपास किंवा वर राखतात.

अशी पिळाची रेषा चालता चालता एक पृष्ठभाग विणते, कड्याच्या आकाराची पोकळ नळीच. तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. कण आपल्या पापुद्र्यावर कितीही धावो, तो तिथेच राहतो. एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर जाणं अवघड, म्हणूनच गाभा कोट्यवधी अंशांवर आणि कड त्या मानाने थंड राहू शकते. ईटरच्या गाभ्यात १५ कोटी अंश सेल्सिअस अपेक्षित आहे, सूर्याच्या गाभ्याच्या दहा पट.

पण बाहेर बाहेर जात गेलं की एक पापुद्रा असा येतो की त्याच्या पलीकडच्या रेषा स्वतःवर मिटत नाहीत. त्या जाऊन धातूला टेकतात. तो शेवटचा मिटलेला पापुद्रा म्हणजे प्लाझ्माची हद्द. चुंबकीय क्षेत्र दोन्हीकडे तेवढंच, फरक एवढाच की अलीकडची वाट फिरून परत स्वतःवर येते आणि पलीकडची वाट पात्राच्या भिंतीत जाते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता ही हद्द आखायची कशी? सोपा मार्ग म्हणजे पात्रात एक ठोकळा किंवा कडं पुढे काढून ठेवायचं, सहसा ग्रॅफाइटचं. त्याला लिमिटर म्हणतात. त्याला टेकणारा पापुद्रा तुटला, त्याच्या आतला शेवटचा. भारतात बनलेला पहिला टोकामॅक, गांधीनगरजवळच्या भाट गावातल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा ‘आदित्य’, याच तऱ्हेचा होता. १९८९ साली तो सुरू झाला. कड्याची त्रिज्या ७५ सेंटिमीटर, नळीची २५. बाहेरून बाहेर मोजलं तर प्लाझ्माचं कडं दोन मीटर रुंद, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापेक्षा मोठं. संस्था तेव्हा नुकती उभी राहिली होती आणि संचालक होते प्रेधिमान कृष्ण काव, ज्यांना जग पी. के. काव म्हणून ओळखतं. ते २०१७ साली गेले.

लिमिटरचा तोटा उघड आहे. गरम प्लाझ्मा थेट ठोकळ्याला टेकतो, ठोकळ्याचे अणू उडतात, आत शिरतात आणि प्लाझ्माला थंड करतात. लोकांना वाटतं, एवढा तप्त प्लाझ्मा पात्र वितळवून बाहेर पडेल. मलाही वाटायचं. पण ईटरच्या शेकडो घनमीटर प्लाझ्माचं वजन एक ग्रॅमही भरणार नाही. तो भिंतीला भिडला तर भिंतीचा पृष्ठभाग पोळतो, खराब होतो, पण प्लाझ्मा मात्र जागच्या जागी विझतो. भिंतीपासून प्लाझ्माला जपणं हे जास्त मोठं काम आहे.

म्हणून दुसरा मार्ग. आता टेबलाकडे या.

रणगाड्याच्या शेजारी उभं राहून होकायंत्र वापरायचं नसतं, हे आमच्याकडे पहिल्या धड्यात शिकवतात. एवढं पोलाद जवळ असलं की सुई भरकटते. खाली उतरायचं, पन्नासेक पावलं लांब जायचं, मग दिशा घ्यायची. विजेचा प्रवाह वाहणारी तारही सुईला अशीच भरकटवते. मी पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली आहेत, एकमेकांपासून सहा सेंटिमीटरवर, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, बरोबर मध्ये होकायंत्र. एकाच भोकातून वायर खालून वर नेली आणि बॅटरीला हेडलाइटच्या बल्बमधून जोडली. पाचेक अँपिअर वाहतात. पाहा, सुई उत्तरेपासून जवळजवळ अर्ध्या काटकोनात फिरली. आता तीच वायर लांबून वळवून आणून दुसऱ्या भोकातूनही खालूनच वर नेतो. दोन तारा, प्रवाह एकाच दिशेने. बल्ब लागला, आणि सुई? उत्तरेला परत.

मेहुण्यांची नात कॅमेरा धरून उभी आहे, ती म्हणते, “आजोबा, वायर तुटली का?” नाही बाळ, बल्ब चालूच आहे. दोन तारांची क्षेत्रं मधोमध एकमेकांच्या विरुद्ध आहेत, ती फिटली. उरलं फक्त पृथ्वीचं. पहिल्या तारेच्या जवळ गेलात तर बलरेषा तिच्याभोवती मिटतात, दुसरीच्या जवळ गेलात तर दुसरीभोवती, आणि दोघींच्या मधला हा बिंदू त्या दोन कुटुंबांच्या वाटणीचा. तिथे रेषा इंग्रजी एक्स अक्षरासारख्या छेदतात.

पहिल्या तारेच्या जागी प्लाझ्मा ठेवा, त्याच्यातून वाहणारा लाखभर किंवा त्याहून किती तरी जास्त अँपिअरचा प्रवाह धरा. दुसऱ्या तारेच्या जागी पात्राच्या तळाशी, प्लाझ्माला समांतर जाणारं एक वेटोळं ठेवा, प्रवाह त्याच दिशेचा. मधे तोच बिंदू तयार होतो. पिळाचं क्षेत्र तिथे शून्य होतं, लांबच्या वाटेचं मुख्य क्षेत्र मात्र राहतं. या बिंदूतून जाणारा पापुद्रा हीच हद्द. प्लाझ्मा कशालाही टेकलेला नाही. जे कण हद्द ओलांडतात ते पलीकडच्या रेषांवरून वाहत खाली, मुद्दाम लांब ठेवलेल्या धातूच्या पाट्यांवर जाऊन पडतात. या व्यवस्थेला डायव्हर्टर म्हणतात. घराच्या मोरीसारखी सोय आहे ही, पाणी सांडायचंच तर एका ठरलेल्या जागी. आदित्यचं जुनं चौकोनी छेदाचं पात्र काढून त्याजागी गोल छेदाचं बसवलं, डायव्हर्टरसाठी वेटोळी घातली आणि ‘आदित्य-यू’ डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला.

आता हद्दीवर काय चालतं? कागदावर पापुद्रे गुळगुळीत असतात. प्रत्यक्षात कड सतत खवळलेली असते आणि उष्णता त्या खळबळीतून झिरपते. आदित्यवरच्या शास्त्रज्ञांनी कडेला बारीक शलाका घालून ही खळबळ मोजली. १९९२ साली त्यांनी दाखवलं की ती नळाच्या खरखरीसारखी एकसारखी नसते. मध्येच शांत, मध्येच एक मोठा झटका. सरासरी काढून जो अंदाज येईल त्यापेक्षा मोठे झटके किती तरी जास्त वेळा येतात. गोळाबारी पाहिलेल्या माणसाला यातला फरक सांगायला नको. तासाला सरासरी किती गोळे पडले यावरून खंदकात बसलेल्याला काही कळत नाही. दोन मीटरच्या आपल्या छोट्या यंत्रावर झालेलं हे काम जगात पुढे अनेकांनी वापरलं. याचा अभिमान वाटायला हरकत नाही, आणि या मालिकेत मी तो शब्द जपून वापरतो.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९८२ मध्ये, जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंगला फ्रिट्झ वाग्नर आस्डेक्स या यंत्रावर काम करत होते. त्याला डायव्हर्टर होता. बाहेरून उष्णता वाढवत नेली तर प्लाझ्मा सहसा जास्त गळतो. पण एका मर्यादेपलीकडे अचानक उलटं झालं. कडेवरची खळबळ आपोआप बसली, हद्दीच्या अगदी आतल्या बाजूला काही सेंटिमीटरचा पट्टा शांत झाला आणि प्लाझ्मा उष्णता जवळजवळ दुप्पट वेळ धरून ठेवू लागला. कडेला पातळ पट्टा बदलला आणि सगळा गाभा सुधारला. ईटरचा आराखडाच या अवस्थेवर बेतलेला आहे.

मात्र ही बंद कड फार चांगली बंद होते. आत दाब साचतो आणि मग हद्द क्षणभर फुटते, उष्णतेचा लोट डायव्हर्टरवर आदळतो, पुन्हा बंद, पुन्हा फुटते. छोट्या यंत्रात हे चालून जातं, ईटरच्या आकाराला नाही. तिथे एरवीच पाट्यांवर दर चौरस मीटरला १ कोटी वॅटच्या घरात उष्णता पडणार आहे. बबीनाच्या मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाच्या दहा हजार पट! त्यासाठी टंगस्टनच्या पाट्या आणि मागून सतत पाणी. वरून असे लोट येत राहिले तर टंगस्टनही टिकणार नाही.

यावरचा तोडगा मला सगळ्यांत आवडला. इथून दक्षिणेला बेतवेवर माताटीला धरण आहे. पावसाळ्यात धरण भरेपर्यंत दरवाजे बंद ठेवून मग एकदम उघडले तर खालच्या गावांचं काय होईल ते कुणालाही कळतं. म्हणून आधीपासून थोडं थोडं सोडतात. ईटरच्या पात्रात २७ वेटोळी बसवायची आहेत, त्यांचं काम हद्दीजवळच्या पापुद्र्यांना मुद्दाम किंचित विस्कटणं. इतक्या कष्टाने मिटवलेल्या रेषा कडेला जराशा उसवायच्या, म्हणजे दाब साचणार नाही. अमेरिकेत सॅन दिएगोच्या यंत्रावर हे करून पाहिलं गेलंय आणि लोट थांबतात. किती उसवायचं याचं माप फार नाजूक आहे, जास्त झालं तर ती शांत कडच हातची जाते.

एक गोष्ट राहिली. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचं संमीलन झालं की ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर भार नाही, त्याला बलरेषा दिसतच नाहीत. तो हद्द सरळ ओलांडून बाहेर जातो आणि बाहेरच्या आवरणाला तापवतो. वीज करायची ती त्या उष्णतेवर. उरलेला पंचमांश हेलियमच्या केंद्रकाकडे जातो, त्याच्यावर भार आहे, तो आत राहून प्लाझ्माला गरम ठेवतो. तेव्हा हद्द कुणाला अडवते आणि कुणाला नाही, यावर भट्टी पेटती राहते.

हे सगळं कुठवर आलंय? १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून होमी भाभा म्हणाले होते की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल. सत्तर वर्षं झाली. इंग्लंडमधल्या जेट या यंत्राने २०२३ च्या अखेरच्या प्रयोगांत पाचेक सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली, तो त्या यंत्राचा विक्रम. घरच्या मीटरच्या भाषेत १९ युनिट. तीही उष्णता, वीज नव्हे, आणि यंत्र चालवायला त्याहून पुष्कळ जास्त वीज लागली. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला तो संमीलन समजलं नव्हतं म्हणून नव्हे. तेव्हा या कडेची ओळखच कुणाला नव्हती, असं माझं मत. ईटरमध्ये भारत भागीदार आहे. त्याचं २९ मीटर व्यासाचं, ३८५० टनांचं बाहेरचं पोलादी भांडं, क्रायोस्टॅट, आपल्याकडून गेलं, सुरतजवळ हजिऱ्याला तुकड्यांत बनून.

आणि बाईंचा तिसरा प्रश्न, जाडी किती? हद्दीला जाडी नाही, ती रेघच आहे. पण हद्द ओलांडलेली उष्णता ज्या पट्ट्यातून खाली वाहते, त्याची रुंदी मोठ्या यंत्रातही मिलिमीटरांत मोजतात. ती नेमकी किती भरेल यावर अजून वाद चालू आहे. पट्टा रुंद असेल तेवढं पाट्यांचं आयुष्य जास्त.

तारांचा प्रयोग घरी करणार असाल तर बल्ब मधे घालायला विसरू नका, नुसती वायर बॅटरीला जोडली तर ती लाल होईल. बल्बला हात लावू नका, आणि सुई पाहून झाली की लगेच एक टोक काढा. होकायंत्राजवळ मोबाइल ठेवू नका. आमच्या नातीने ठेवला होता, त्यामुळे पहिली दहा मिनिटं उत्तर दिशा तुळशी वृंदावनाकडे होती.